दूध फाटतं तसं सोनंही फाटतं

इंदूरच्या सराफ्यात रात्री दागिन्यांची शटरं खाली ओढली गेली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं मांडली जातात. तिथल्या मिठाईवरच्या चांदीच्या वर्खापासून नॅनोची ओळख करून घेणं सोयीचं आहे, कारण वर्ख नॅनो वाटतो आणि नसतो.

हिशेब करून बघू. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमाप्रमाणे खाण्याच्या वर्खाचं वजन एका चौरस मीटरला जास्तीत जास्त २.८ ग्रॅम असावं आणि चांदी हजारात ९९९ शुद्ध असावी. चांदीचा एक घनसेंटिमीटर तुकडा साधारण १०.५ ग्रॅम भरतो. म्हणजे २.८ ग्रॅम चांदी चौरस मीटरभर पसरली की जाडी येते सुमारे २६७ नॅनोमीटर. नॅनो म्हणायचं तर निदान एक बाजू १ ते १०० नॅनोमीटरमध्ये बसायला हवी. फुंकर मारली तरी उडणारा वर्ख या मापात अडीच पटीहून जास्त जाड ठरतो. उलट तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरून जमवलेली काजळी बघा. तिचे मूळ कण साधारण २० ते ५० नॅनोमीटरचे असतात, फक्त ते एकमेकांना चिकटून माळा झालेल्या असतात. म्हणजे आजीच्या काजळाच्या डबीत नॅनो होतं आणि वर्खाच्या वहीत नव्हतं. (त्यावरून 'आपल्या पूर्वजांना नॅनोविज्ञान ठाऊक होतं' असे निरोप फिरतात. काजळी जमवता येणं वेगळं आणि तिचा कण मोजून हवा त्या मापाचा बनवता येणं वेगळं. आणि काजळ बाळाच्या डोळ्यांत घालू नये, हेही जाता जाता सांगून टाकू.)

वर्खाचा विषय निघालाच आहे तर भेसळीची परीक्षाही बघून घ्या. चिमटीत चोळला तर चांदीचा वर्ख विरून जातो, ॲल्युमिनियमच्या पन्नीची बारीक गोळी होते. ज्योतीवर धरला तर चांदीचा पांढरा चमकदार मणी उरतो आणि ॲल्युमिनियमची काळपट करडी राख होते.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. शून्यं मोजून काही डोक्यात शिरत नाही, म्हणून नखावर येऊ. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. महिन्याचे सेकंद काढून भागलं तर सेकंदाला एक नॅनोमीटर, किंचित जास्तच. डीएनएच्या दोरीची रुंदी दोन नॅनोमीटर, कोरोनाचा विषाणू शंभरच्या आसपास, डोक्याचा केस ऐंशी हजार ते एक लाख.

आता, बारीक असण्यात एवढं विशेष काय? एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा एकेक नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत कापला तर वस्तू तेवढीच, वजन तेवढंच, पण सगळ्या पृष्ठभागांची बेरीज होते ६,००० चौरस मीटर. इंदूरच्या कॉलन्यांत प्लॉट चौरस फुटांत मोजतात, त्या भाषेत साधारण ६४,५०० चौरस फूट, म्हणजे दीड हजार फुटांचे त्रेचाळीस प्लॉट, आणि सगळे एका साखरेच्या क्यूबमधून निघालेले. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडते, त्यामुळे पृष्ठभाग वाढला की वस्तूचा स्वभाव तापट होतो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची पन्नी गॅसवर धरली तर आक्रसते. त्याच धातूची बारीक भुकटी फटाक्यात लख्ख पांढरा जाळ करते. ती भुकटी नॅनोपेक्षा बरीच जाडी असते, तरी एवढा फरक. नॅनोत तो आणखी टोकाला जातो.

दुसरा बदल रंगाचा, आणि तो बघायला सोन्यासारखी वस्तू नाही. नॅनो सोनं पिवळं नसतं, लाल असतं. मायकल फॅरेडेनं १८५७ मध्ये सोन्याचं असं लाल द्रावण केलं आणि रंगाचं कारण सोन्याचे अतिसूक्ष्म कण हेच असावं, असं मांडलं. आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो तो प्रयोग टर्केविच या शास्त्रज्ञानं १९५१ मध्ये बसवलेल्या पद्धतीवरचा. क्लोरोऑरिक आम्लाचं, म्हणजे ज्यात सोनं विरघळलेल्या रूपात असतं त्याचं, एक मिलिमोलर (अगदी विरळ) द्रावण २० मिलिलिटर घ्यायचं, ढवळत ढवळत उकळी आणायची आणि उकळत असतानाच एक टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचं २ मिलिलिटर द्रावण एकदम ओतायचं. फिकट पिवळा रंग आधी नाहीसा होतो, मग करडी-निळसर झाक येते, मग जांभळी, आणि दहाएक मिनिटांत डाळिंबाच्या रसासारखा लाल. कण तयार होतात ते साधारण १५ ते २० नॅनोमीटरचे.

हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा भांड्यामुळे. काचेला आधीच्या कुणाचा धातूचा अंश चिकटलेला असला की कण तिथेच धरायला लागतात आणि द्रावण जांभळं राहतं. म्हणून भांडी अम्लराजानं (सोनंही विरघळवणाऱ्या तीव्र आम्लमिश्रणानं) धुवायची, अर्थात हातमोजे घालून आणि धूर ओढणाऱ्या कपाटात. सायट्रेट कमी पडलं तर कण मोठे होतात. आणि डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं तर प्रयोग सुरू होण्याआधीच गडबड. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी पिण्याला उत्तम, पण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि या कणांना क्षार अजिबात सोसत नाहीत.

ते का, हे कळलं की निम्मा नॅनो कळला. तयार लाल द्रावणात चिमूटभर मीठ टाका. बघता बघता लाल जाऊन निळं होतं, आणि तासाभरात तळाला काळपट गाळ. प्रत्येक सोन्याच्या कणाभोवती सायट्रेटचं आवरण असतं, त्यावर ऋण विद्युतभार. भार सारखा म्हणून कण एकमेकांना लांब ढकलत राहतात. मिठातले सोडियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) मध्ये आले की ते ढकलणं लुळं पडतं, कण जवळ येतात आणि चिकटतात. दूध फाटतं तेही असंच. दुधातले केसिन या प्रथिनाचे गोळे सरासरी दीडशे-दोनशे नॅनोमीटरचे, त्यांच्याही अंगावर ऋणभार. लिंबू पिळलं की तो भार मरतो आणि गोळे एकत्र येऊन पनीर होतं. मराठीत या प्रकाराला 'फाटणं' असा नेमका शब्द आहे, तोच इथे वापरू. फाटलेलं सोनं निळं दिसतं, कारण एकटा कण हिरवा प्रकाश गिळतो आणि लाल जाऊ देतो. कण जोडले गेले की गिळण्याची पट्टी लालकडे सरकते.

नॅनो वस्तू बनवणाऱ्यांचा अर्धा जन्म कण बनवण्यात नाही, ते फाटू न देण्यात जातो. याचं दवाखान्यातलं उदाहरण २०२१च्या काळ्या बुरशीच्या साथीत घरोघरी माहीत झालं. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन म्हणजे बुरशीचं औषध शंभर नॅनोमीटरच्या आतल्या चरबीच्या गोळ्यांत बसवलेलं. साध्या ॲम्फोटेरिसिननं मूत्रपिंडाला होणारा त्रास या वेष्टनामुळे बराच कमी होतो. पण ही पावडर विरघळवायची फक्त इंजेक्शनच्या निर्जंतुक पाण्यात, ५० मिलिग्रॅमच्या कुपीला १२ मिलिलिटर, आणि निदान अर्धा मिनिट जोरात हलवून. पुढे पातळ करायची ती ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, कुठल्याच टप्प्यावर नाही. शिरेतल्या नळीतून आधी सलाईन चालू असेल तर नळीही डेक्स्ट्रोजनं धुवून घ्यायची. कारण वरचंच. मिठानं द्रावण फाटतं, साका धरतो. 'सगळी औषधं सलाईनमधून जातात' हा घरच्या मंडळींचा समज इथे चालत नाही, नर्स बाई बाटली बदलतात त्याला हे कारण असतं.

सोन्याचा तोच लाल रंग आपण औषधाच्या दुकानातून विकत आणतो, फक्त सोनं म्हणून नाही. गर्भधारणा तपासणीच्या पट्टीवरची लालसर रेघ, डेंग्यूच्या बऱ्याच कार्डांवरची, कोरोनाच्या रॅपिड कार्डांवरची, ही बहुतेक साधारण ४० नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांची असते. कार्डाच्या आत चार तुकडे एकापुढे एक चिकटवलेले असतात: थेंब झेलणारी गादी, मग प्रतिपिंडं चिकटवलेले सोन्याचे कण जिच्यात वाळवून ठेवलेत ती गादी, मग नायट्रोसेल्युलोजचा पांढरा पडदा, आणि शेवटी उरलेलं पाणी ओढून घेणारा टीपकागद. थेंब पुढे सरकताना सोन्याचे कण भिजतात, शोधायची वस्तू असली तर तिला धरतात आणि 'टी'च्या रेघेवर अडकतात. उरलेले 'सी'च्या रेघेवर. 'सी' उमटली नाही तर कार्डच बाद, 'टी' कशीही दिसो.

चुका होतात त्या इथे. पावसाळ्यात पाकीट फाडून कार्ड ओट्यावर ठेवलं आणि अर्ध्या तासानं वापरलं तर वाळवलेले कण दमट होऊन आधीच चिकटतात, रेघ फिकी येते. तीन थेंब सांगितलेत तिथे सहा टाकले तर पडद्यावर पूर येतो आणि सगळं लाल फासल्यासारखं होतं. आणि निकाल वाचायची वेळ टळून गेल्यावर, पट्टी वाळताना, 'टी'च्या जागी कधी कधी राखाडी सावली उमटते. ती रेघ नव्हे. वेळ झाली की बघायचं, नोंदवायचं आणि कार्ड टाकून द्यायचं, दुपारी पुन्हा काढून बघायचं नाही. डेंग्यूच्या एनएस-१ (विषाणूचं एक प्रथिन) शोधणाऱ्या कार्डाबाबत आणखी एक: ते तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत कामाचं. सातव्या दिवशी 'निगेटिव्ह' आलं म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही.

कण एवढाले, मग मोजतात कसे? साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाहीत, कारण दृश्य प्रकाशाच्या लहरीच चारशे ते सातशे नॅनोमीटर लांबीच्या. जाड काठीनं सुईचं नेढं चाचपण्यासारखं ते होईल. म्हणून इलेक्ट्रॉनचा झोत किंवा क्ष-किरण. या दुसऱ्या कामासाठी देशभरातले संशोधक इंदुरात येतात. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाचं १७२.५ मीटर घेराचं कडं आहे. त्यात अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात आणि वळताना प्रखर क्ष-किरण सोडतात. ते किरण भुकटीवर सोडले की ठरावीक कोनांत चमकदार रेषा मिळतात, आणि स्फटिक जितके लहान तितक्या रेषा पसरट. रेषेच्या रुंदीवरून आकार काढायचं सूत्र शेरर या शास्त्रज्ञानं १९१८ मध्येच देऊन ठेवलं आहे. व्यवहारात मात्र बहुतेक कारखाने द्रावणावर लेझर टाकून आकार मोजतात. तो आकडा नेहमी मोठा येतो, कारण त्यात कणाभोवतीचं आवरण आणि चिकटलेलं पाणी धरलं जातं, आणि थोड्या गुठळ्या असल्या तरी आकडा फुगतो. तेव्हा कुणी '२० नॅनोमीटर'चं प्रमाणपत्र दाखवलं तर कशानं मोजलं, कोरडं की द्रावणात, हे विचारायला लाजू नये.

आकड्यांवरून मोबाईलची गोष्ट. 'तीन नॅनोमीटरची चिप' हे आता पिढीचं नाव उरलं आहे, माप नाही. त्या चिपवर एका ट्रान्झिस्टरपासून शेजारच्याचं अंतर ४५ ते ५० नॅनोमीटर असतं. टीव्हीच्या पडद्यात रंग देणाऱ्या नॅनो कणांचं, म्हणजे क्वांटम डॉटचं, तसं नाही. तिथे आकार खरोखरच रंग ठरवतो: दोन-तीन नॅनोमीटरचा कण निळा-हिरवा, पाच-सहाचा लाल, पदार्थ तोच. या कणांच्या शोधाला २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

'नॅनो कोटिंग' हा शब्द गाडी धुण्याच्या दुकानांत फार चालतो. त्यामागचं विज्ञान घराच्या मोरीमागे उगवतं. अळवावरचं पाणी ठरत नाही, कारण पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म फुगवटे आणि त्यांवर मेणाचे नॅनो आकाराचे स्फटिक असतात. थेंब त्या टोकांवर टेकतो, खाली हवा राहते, थेंब गोल होऊन घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. आता त्याच पानाचा एक कोपरा अंगठ्यानं पाच-सहा वेळा चोळा आणि पाणी सोडा. तिथे पाणी पसरेल. मेणाचे स्फटिक मोडले की अळूही साध्या पानासारखंच. झाड मेण पुन्हा बनवतं, गाडी बनवत नाही. म्हणून बॉनेटवरचा लेप किती वर्षं टिकेल हे सांगणाऱ्याला एवढंच विचारावं की ब्रशनं धुतल्यावर किती दिवस टिकतो. लेपात नॅनो असेलही, पण लेप ओरखड्यांपासून वाचवतो हा दावा वेगळा आणि पाणी झटकतो हा वेगळा.

सनस्क्रीन ही मात्र नॅनोची रास्त जागा आहे. झिंक ऑक्साइड अतिनील किरण अडवतं, पण जाड्या कणांचा लेप तोंडाला खडू फासल्यासारखा दिसतो. कण शंभर नॅनोमीटरच्या आत आणले की दृश्य प्रकाश सरळ जातो, चेहरा पांढरा दिसत नाही, अतिनील तरीही अडतात. माळव्यातल्या मे महिन्यात हे लावायचं तर भरपूर लावावं लागतं: बाटलीवरचा एसपीएफ मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून. चेहरा आणि मान मिळून तर्जनी व मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीएवढ्या दोन पट्ट्या, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत. हे कण धड त्वचेतून रक्तात जातात का? आजवरच्या तपासण्यांत झिंक आणि टायटॅनियम ऑक्साइडचे कण वरच्या मृत थरातच राहिलेले दिसतात. मलम लावा. स्प्रे मात्र घेऊ नका, निदान तोंडावर मारू नका, कारण मग प्रश्न त्वचेचा राहत नाही, श्वासाचा होतो. त्याकडे येऊच.

आधी शेतावर जाऊ, कारण इंदूरपासून देपालपूर-सांवेरपर्यंत प्रत्येक खताच्या दुकानात आता नॅनो युरियाची बाटली आहे. २०२१ मध्ये ती आली तेव्हा दावा असा होता की ५०० मिलिलिटरची बाटली ४५ किलोच्या पोत्याचं काम करते. पोत्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे २०.७ किलो. त्या पहिल्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. हजारपट फरक. नंतर तीव्र बाटली आली, पण ती धरूनही आकडा किलोच्या आसपास जात नाही. जमिनीत टाकलेल्या युरियातला बराचसा नायट्रोजन वाया जातो हे खरं, आणि पानावर फवारलेला जास्त उपयोगी पडतो हेही खरं. तरी वाया जाणारा सगळा वाचवला तरी फरक दोन-तीन पटींचा, हजाराचा नाही. दाण्यातलं प्रोटीन नायट्रोजननंच बनतं आणि तो कुठून तरी यावा लागतो. पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत शिफारशीचा युरिया कमी करून त्या जागी नॅनो फवारल्यावर गहू आणि भात, दोन्हींचं उत्पादन घटलं.

म्हणून आमचं सांगणं: पेरणीच्या वेळचा डोस कापू नका. फवारायचंच असेल तर वरच्या हप्त्याला जोड म्हणून, लिटरला २ ते ४ मिलिलिटर, बाटली आधी नीट हलवून (तळाशी बसलेलं असतं). गव्हाला फुटवे येताना एकदा, फुलोऱ्याच्या आधी दुसऱ्यांदा. दव वाळल्यावर किंवा उन्हं कलताना, बारीक फवाऱ्याच्या नोझलनं; बारा तासांत पाऊस आला तर परत. आणि शेताच्या एका कडेला चार ओळी नेहमीच्या पूर्ण युरियाच्या ठेवा, त्यांचं धान्य वेगळं तोला. सोयाबीनला तर मुळांवरच्या गाठीच हवेतला नायट्रोजन धरून देतात, तिथे हा खर्च कशाला हेच कळत नाही.

नॅनो चांदीचे मोजे, गंजीफ्रॉक, फ्रिजचे अस्तर यांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. चांदीचे आयन जंतू मारतात हे पक्कं. पण काही मोज्यांतली चांदी चार धुण्यांत निघून जाते हेही मोजून दाखवलेलं आहे. ती जाते गटारात, गटार कबीटखेडीच्या शुद्धीकरण केंद्रात, आणि तिथलं सांडपाणी शुद्ध करतात ते जंतूच. पिण्याच्या पाण्याच्या गाळणीत चांदी कामाची आहे, कारण तिथे ती राखेच्या किंवा कोळशाच्या कणांना जखडलेली असते. 'कोलॉइडल सिल्व्हर' नावानं पिण्यासाठी विकतात ते मात्र घेऊ नका. महिनोन्महिने घेतलेल्यांची कातडी निळसर करडी पडते आणि ती परत उजळत नाही.

जखडलेली की सुटी, धोक्याचा मुख्य प्रश्न हाच. टीव्हीच्या पडद्यात, टायरच्या रबरात, चिपमध्ये कण बांधलेले असतात; त्यांना घाबरायचं कारण नाही. सुटी भुकटी आणि फवारा यांना घाबरायचं, तेही आधी नाकासाठी. कातडी चांगली भिंत आहे, पोट बरी भिंत आहे, फुप्फुसाच्या वायुकोशाची भिंत मात्र इतकी पातळ की प्राणवायू तिच्यातून पलीकडे जातो. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेनं २०११ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडसाठी हवेतल्या मर्यादा सुचवल्या: साधी भुकटी एका घनमीटरला २.४ मिलिग्रॅम, नॅनो भुकटी ०.३. पदार्थ एकच, मर्यादा आठपट कडक. वरच्या त्रेचाळीस प्लॉटांचा हिशेब इथे उलटा अंगावर येतो. हाच पदार्थ मिठाई-गोळ्यांना पांढरेपणा द्यायला घालतात, लेबलवर आयएनएस १७१ म्हणून; युरोपनं तो २०२२ मध्ये खाण्यातून काढला. कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक नळ्यांची, अडचण वेगळी, तिथे लांबट घडण घातक. लांब कडक सुया फुप्फुसातल्या सफाई पेशींना गिळता येत नाहीत. २००८च्या प्रयोगात उंदरांमध्ये अशा लांब नळ्यांनी ॲस्बेस्टॉससारखाच दाह केला. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेनं त्यातल्या एका प्रकाराला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकलं.

शहराच्या स्वच्छतेचा सार्थ अभिमान असलेल्यांना एक कटू गोष्ट सांगावी लागते. रस्ता चकाचक असला तरी हवेतले शंभर नॅनोमीटरखालचे कण झाडूनं जात नाहीत. डिझेलचा धूर, अगरबत्ती, फोडणीचा ठसका, लक्ष्मीपूजनाची रात्र, हे त्यांचे कारखाने. घरी ठेवायचा पीएम २.५चा (अडीच मायक्रॉन आणि त्याखालची धूळ मोजणारा) स्वस्त यंत्रडोळा साधारण ३०० नॅनोमीटरखालचं पाहूच शकत नाही. आणि वजनात तर ते भरतच नाहीत: अडीच मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात ५० नॅनोमीटरचे सव्वा लाख कण बसतात. फोडणीच्या वेळी धूर बाहेर ओढणारा पंखा लावणं, आणि अगरबत्ती खिडकीजवळ, हे जमण्यासारखं आहे.

पीथमपूर किंवा सांवेर रोडवरच्या कारखान्यांत कार्बन ब्लॅक (कारखान्यातली काजळी), सिलिका, रंगद्रव्यांची पोती उघडणाऱ्यांना मास्कबद्दल हमखास शंका असते: एवढे बारीक कण एन-९५च्या जाळीतून जाणार नाहीत का? जात नाहीत, कारण मास्क चाळणी नाही. इतके हलके कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भरकटतात, त्यामुळे तंतूवर आपटतात आणि तिथेच चिकटून राहतात. गळती होते ती गालाच्या कडेनं, म्हणून नाकावरची पट्टी दाबायची आणि दाढी वाढलेली असेल तर मास्क बसत नाही हे मान्य करायचं. गळ्यातला गमछा निरुपयोगी. पोतं उंचावरून ओतू नये, तोंड हौदाच्या आत नेऊन हळू रिकामं करावं; रिकामं पोतं झटकू नये, गुंडाळावं. सांडलेलं कोरडं झाडू नये आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे तर अजिबात उडवू नयेत. ओलं फडकं, ते बंद पिशवीत, मग हात धुणं, मग डबा.

घरी उरतं ते कचऱ्याच्या गाडीत कुठे टाकायचं एवढंच. इंदूरच्या गाडीला कप्पे आहेतच. वापरलेलं तपासणी कार्ड आणि थेंबाची नळी सॅनिटरीच्या कप्प्यात, कागदात गुंडाळून. फुटलेला टीव्हीचा पडदा ई-कचऱ्यात. जुन्या क्वांटम डॉट पडद्यांत कॅडमियम असू शकतं, म्हणून काच हातानं वेगळी करत बसू नका. मुदत संपलेलं सनस्क्रीन आणि उरलेला नॅनो स्प्रे घरगुती घातक कचऱ्यात, बेसिनमध्ये ओतून नाही.